शेवंताबाईंची पद्मिनी

यवतमाळ जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, वाघ दिसला का? वाघ काही दिसला नाही. मी आठवडाभर फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावर राहिले आणि त्यातला बराच वेळ एका जुन्या मोटारीखाली उताणी पडून काढला. तरी सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

मी वाईची. फिजिओथेरपिस्ट आहे. जुनी गाडी घ्यायचं डोक्यात कधी आणि कसं शिरलं ते नीट सांगता येणार नाही. एवढंच आठवतं, की आमच्या नव्या गाडीचं बॉनेट एकदा उघडलं तर आत नुसतं काळं प्लास्टिकचं झाकण. हात घालायला जागा नाही. मला हात घालता येईल अशी गाडी हवी होती. प्रदर्शनात मांडतात त्या गाड्या आवाक्याबाहेरच्या. पद्मिनी मात्र परवडण्यासारखी होती. शोधता शोधता मोबाइलवर एक फोटो दिसला. निंबाखाली उभी असलेली फिकट निळी पद्मिनी, टपावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. खाली ठिकाण लिहिलं होतं, फुलसावंगी, तालुका महागाव.

फोन लावला. प्रकाश राठोड नावाच्या माणसानं उचलला. "या मॅडम, पाहून घ्या. पण याडी हो म्हणन तरच."

याडी म्हणजे कोणी भागीदार असेल असं मला वाटलं. नवरा म्हणाला, आधी बघून तर ये. मी चार दिवसांची रजा टाकली आणि निघाले. वाटेतल्या गाड्यांच्या अदलाबदलीत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

फुलसावंगी

पुसदहून सकाळच्या एसटीनं निघाले. आमच्याकडे उसाच्या दिवसांत रस्त्यावरून काही दिसत नाही, दोन्हीकडे हिरव्या भिंती. इथं नजर थेट डोंगरापर्यंत जाते. काळी जमीन, दुसऱ्या वेचणीला आलेला कापूस, मध्ये मध्ये शेंगांनी लवलेली तूर. जानेवारीची थंडी होती आणि बसमधल्या सगळ्या बायकांनी कान बांधले होते.

स्टँडवर प्रकाश मोटरसायकल घेऊन आला होता. चाळिशीतला, बोलका माणूस. चहा पाजून त्यानं मला मागे बसवलं. तांडा गावापासून थोडा लांब, टेकडीच्या पायथ्याशी आहे. "आमचे आजे-पणजे बैलाइवर मीठ आन धान्य घेऊन मुलूखभर फिरत," तो वाऱ्यात ओरडून सांगत होता. "जिथं थांबले तिथं तांडा. आता वावरं हायत, कापूस हाय, पण नाव तांडाच."

निंबाखाली गाडी होती, अगदी फोटोतल्यासारखी. फोटोत नसलेली गोष्ट म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर, दार उघडं टाकून, एक उंच सडपातळ म्हातारी बसली होती. हनुवटीवर गोंदण, मांडीवर सूप आणि सुपात तुरीच्या शेंगा. ती शेंगा सोलत होती.

"याडी, ह्या मॅडम आल्या," प्रकाश म्हणाला. तेव्हा कळलं, याडी म्हणजे आई. याच शेवंताबाई.

"मी गाडी बघायला आलेय," मी म्हटलं.

"पाह्य. मी तुले पाह्यतो."

इकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. पहिले दोन दिवस मी दचकत होते.

मी गाडीभोवती फिरले. पत्रा खाली गंजलेला, पण भोकं मोजकीच. टायर चपटे. मागचं सीट फाटून काथ्या बाहेर आलेला. मी बघत होते आणि शेवंताबाई शेंगा सोलता सोलता विचारत होत्या. स्टेअरिंगचा गिअर चालवला काय कधी? नाही. घाट? हो, पण नव्या गाडीनं. घरी कोण कोण हाय? मग सूप बाजूला ठेवून त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "टप कापणार काय?"

"टप? कशाला?"

"पुसदचा एक वरातवाला आलता. टप कापून नवरदेव बसवतो म्हणे. मी त्याले म्हटलं, एवढ्या बाया नेल्या मी हिच्यातून, पाणी आलं तं आतल्या बाईमाणसाले कुठं ठेवशीन?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी समजत होते की गाडी त्यांच्या नवऱ्याची. गाडी त्याच चालवत होत्या. भाड्यानं. वर्षानुवर्षं.

शेवंताबाईंची अट एकच होती. "इथून आपल्या पायानं गेली पाह्यजे. मुडद्यावानी ट्रकवर टाकून नाई न्यायची." गाडी बंद पडून सहा-सात वर्षं झाली होती. मी ट्रकवाल्याशी बोलून ठेवलं होतं, त्याला नको म्हणून कळवलं आणि रजा वाढवून घेतली.

तांडा

पुसदहून हमीदभाई नावाचे मेकॅनिक आले. जुन्या गाड्यांची कामं आता कोणी आणत नाही म्हणून खूश दिसले. बॉनेट उघडून त्यांनी हातानं पंखा फिरवून पाहिला. हलेना. "इंजन पकड गया है बाजी, मरा नहीं है," ते शेवंताबाईंना म्हणाले. प्लग काढून चारी भोकांत डिझेल आणि ऑइल सोडलं. आता मुरू द्यायचं. एअर फिल्टरचा डबा मी उघडला, तर आत उंदरानं पांढऱ्याशुभ्र कापसाचं घरटं केलेलं. असं मऊ की फेकवेना.

दुपारी काम नव्हतं. शेवंताबाईंनी जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर, तिला त्या बाटी म्हणतात, आणि सकाळी सोललेल्या ओल्या तुरीच्या सोल्यांची झणझणीत भाजी. आमच्याकडे तूर म्हणजे डाळ, तीही दुकानातून आणलेली. ओल्या दाण्यांची भाजी मी पहिल्यांदाच खाल्ली आणि तिसरी भाकर मागून घेतली. मग त्या निंबाखाली पाय लांब करून बसल्या. डावा गुडघा सुजलेला, पाय सरळ होत नव्हता. माझं लक्ष गेलेलं त्यांनी पाहिलं आणि लुगडं खाली ओढलं.

"गाडी चालवायला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कोणी नाई. मालक चालवत, माहूरच्या यात्रेकरूचं भाडं मारत. मी शेजारी बसून पाहो. मंग ते बैलबंडीवरून पडले, हात मोडला. गाडी उभीच. त्यातच शेजारची कमला अडली. दुपारची टायम, सारे मानसं वावरात. बंडीनं पुसद कवा येईन? मी म्हटलं, बस मागं."

"मग?"

"मले दोनच गिअर येत होते. पुसदपर्यंत दुसऱ्यातच गेलतो. इंजिन असं बोंबलत होतं, का कमला कळा देनं सोडून माया तोंडाकडं पाहे." त्या हसायला लागल्या. "पोरगी झाली. चांगली झाली."

"आणि मालक काय म्हणाले?"

"काईच नाई. दुसऱ्या दिशी हात गळ्यात बांधून आले आन मले रिव्हर्स शिकवला."

त्यानंतर तांड्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या बायका त्यांनाच बोलवू लागल्या. नवऱ्याचा हात बरा झाला तरी गाडी शेवंताबाईंकडेच राहिली. तो शेतात रमला, तिथंच म्हातारा झाला, गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं चाक जॅकवर उचललं, गाडी टॉप गिअरमध्ये घातली आणि प्रकाश, हमीदभाई, मी अशा तिघांनी चाक फिरवायला जोर लावला. कुठंतरी आत कट् वाजलं. चाक बोटभर फिरलं. पुन्हा बोटभर. मग एकदम मोकळं झालं आणि प्रकाश मागच्या मागे शेणात बसला.

इंजिन सुटलं तरी पेट्रोल येईना. शेवंताबाई म्हणाल्या पंप गेला. हमीदभाई म्हणाले टाकी. दोघांची तासभर जुंपली. गाडी मी चालवली का तू, असं बाईंनी विचारल्यावर हमीदभाईंनी मुकाट्यानं पंप उघडला. पंप स्वच्छ. मग टाकी उतरवली. आतून तांबड्या चिखलासारखा गंज निघाला.

"मंग आधी काहून नाई सांगितलं?" शेवंताबाई म्हणाल्या.

हमीदभाईंनी आभाळाकडे पाहिलं.

टाकी धुताना माझ्या केसांत इतका गंज आणि रॉकेल गेलं की प्रकाशच्या बायकोनं पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, पाणी तापवून, कपड्यांचा साबण लावून माझं डोकं धुतलं. तो वास वाईला आल्यावरही जात नव्हता.

दिग्रस

ब्रेकचा मास्टर सिलिंडर पार खलास होता. पुसदच्या दुकानांत मिळेना. हमीदभाईंना आठवलं, दिग्रसला एका जुन्या टॅक्सीवाल्याच्या अंगणात पद्मिनी पडून आहे. शेवंताबाई म्हणाल्या, मीही येतो.

आम्ही दोघी एसटीनं गेलो. पुसद सोडलं की रस्ता डोंगर चढतो, सागाची मोठी वाळकी पानं रस्त्यावर पडलेली असतात. शेवंताबाई खिडकीशी बसल्या होत्या. प्रत्येक वळणाला त्यांचा डावा पाय थोडा दाबला जायचा. दिग्रस जवळ आलं ते कापसावरून कळलं. जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग, आणि बाभळीच्या काट्यांवर, तारांवर, पानटपरीच्या छपरावर सगळीकडे अडकलेले रुईचे पांढरे पुंजके.

टॅक्सीवाल्यांची गाडी कोंबड्यांना दिली होती. मागच्या सीटवर दोन खुडूक कोंबड्या बसलेल्या. म्हातारे गृहस्थ अंगणात ऊन खात होते. सामान विकायचं नाही, म्हणाले. मग शेवंताबाईंकडे बराच वेळ पाहत राहिले.

"तुम्ही फुलसावंगीच्या डायवरबाई काय?"

"हो."

"माहूरच्या स्टँडवर येत होत्या तुम्ही. आम्ही तुमाले रांगेत नंबर नव्हतो देत."

"नाई देत होते," शेवंताबाई म्हणाल्या. "भाडं घ्याले रस्त्यावर उभं राहा लागे. तू होता काय त्यात?"

"होतो."

गृहस्थ उठले, आतून पाने घेऊन आले आणि स्वतःच गाडीखाली शिरले. मी मदतीला वाकले तर हातानंच नको म्हणाले. बऱ्याच वेळानं सिलिंडर घेऊन बाहेर आले, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या नाही, शेवंताबाईंच्या हातात दिला. त्यांच्या घरच्यांनी चहा दिला. शेवंताबाईंनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला. परतताना त्या एकच वाक्य बोलल्या. "मानूस बरा हाय. तवा एकटा नव्हता ना, म्हून तसा वागला."

वावर

नवे रबर घालून सिलिंडर बसला. नवी बॅटरी आली, टायर आले. हमीदभाईंनी चावी मला दिली. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. निंबावरची सगळी पाखरं उडाली, निळ्या धुराचा लोट घरांवरून गेला. तांडा गोळा झाला. प्रकाशच्या बायकोनं गळवाणी, म्हणजे गुळाची गोड पातळ लापशी, केली होती, ती सगळ्यांना वाटली. या गडबडीत शेवंताबाई कुठं दिसेनात. त्या घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

सकाळी मी सामान बांधत होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, मी गाडी नाई देत."

प्रकाश आतून धावत आला. "याडी, असं काय करतं? त्या कवाच्या खपून राह्यल्या..."

"माहीत हाय मले. सारा खर्च देऊन टाक त्याईले. पण आता ते चालून राह्यली. चालती गाडी कायले द्यायची?"

मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी अंगणात जाऊन उभी राहिले. गाडी धुऊन पुसून उभी होती, बॉनेटवर दव साचलं होतं. माझी नखं काळी झाली होती, पाठ धरली होती. पण गाडी त्यांची होती. मी आत जाऊन तसं सांगितलं.

शेवंताबाई खाटेवर बसल्या आणि त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"तू याचीच डॉक्टर ना? पाह्य. क्लच दाबता येईन काय? खरं सांग."

नाही म्हटलं तर गाडी मला मिळणार होती. "मावशी, हे मला विचारू नका," मी म्हटलं. "मी गाडी घ्यायला आलेय. माझ्या तोंडून निघालेलं तुम्हाला खरं वाटायचं नाही, आणि मलाही वाटायचं नाही. पुसदला कुणाला तरी दाखवू."

"मंग तू कायले शिकली?"

मी खाली बसले. गुडघा दोन्ही हातांत घेतला, वाकवला, सरळ करून पाहिला, मांडीला जोर लावायला सांगितला. बराच वेळ पाहिलं. सांधा झिजला होता, मांडीचा स्नायू गेला होता. "चालता येईल," मी म्हटलं. "व्यायाम शिकवते, ते केलेत तर शेतापर्यंत बिनकाठीच्या जाल. क्लचही एकदा-दोनदा दाबाल. पण समोर कुणी अचानक आलं, तर पाय वेळेवर ऐकणार नाही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "चाल."

तांड्याच्या खाली त्यांचं सोयाबीन निघालेलं वावर होतं, सपाट आणि मोकळं. शेवंताबाई स्टेअरिंगवर बसल्या. मी शेजारी, प्रकाश बांधावर. त्यांनी दोन्ही हातांनी डावा पाय उचलून पेडलवर ठेवला, दात आवळले आणि पहिला टाकला. गाडी निघाली. दुसरा. तिसरा. गिअरचा आवाजसुद्धा आला नाही. धसकटांवरून गाडी अशी चालली होती की मला लाज वाटावी. वावराला पूर्ण फेरी घातली. त्यांचा पदर वाऱ्यानं मागे उडत होता आणि त्या हसत होत्या, वरच्या पडलेल्या दाताची फट दिसेल अशा.

मग थांबायची वेळ आली. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. तो पेडलवर नव्हताच. खाली पडला होता, आणि त्या तो उचलायला धडपडत होत्या. उजव्यानं ब्रेक दाबायचं त्यांना सुचलं नाही. समोर सोयाबीनच्या कुटाराचा ढीग होता. आम्ही त्यात बॉनेटभर शिरलो, इंजिन आचके देऊन बंद पडलं आणि भुसकट आमच्यावर पावसासारखं पडत राहिलं.

कोणाला काही लागलं नव्हतं. प्रकाश ओरडत धावत येत होता. शेवंताबाई स्टेअरिंग धरून समोर बघत होत्या. गोंदणावर भुसा चिकटला होता.

"ढीग नसता, पोरगं असतं तं?" त्या म्हणाल्या.

त्यांनी चावी काढली, माझा हात ओढून घेतला आणि त्यात ठेवली. "जाय घेऊन. आन व्यायाम काय तो शिकव."

त्या दिवशी मी निघाले नाही. संध्याकाळपर्यंत त्यांना खाटेवर बसवून व्यायाम करून घेतले. सुनेलाही शिकवले, कारण बाई एकटीनं करणार नाहीत हे दिसत होतं.

पुसद

पुसदपर्यंत त्या सोबत आल्या. मी चालवत होते. मैलभर गेलो आणि त्या बोलायला लागल्या, त्या थांबल्याच नाहीत. इथं खड्डा हाय, डाव्यानं घे. हे बैल बुजते, हॉर्न नको देऊ. इथं कमलानं मले थांब म्हटलं होतं, मी नाई थांबलो. स्टेअरिंगचा गिअर मला अजून सापडत नव्हता. तिसऱ्याऐवजी पहिला पडला की त्या नुसत्या 'हं' करायच्या.

पुसदच्या बाजारात रस्त्याच्या मधोमध गाडी बंद पडली. मागून हॉर्न, पुढून भाजीच्या गाड्या. मला घाम फुटला. एक रिक्षावाला ओरडला, "बाई, चालवता येत नाई तं कायले काढता?" शेवंताबाईंनी काच खाली करून कमरेपर्यंत बाहेर येऊन त्याला जे काही सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही. त्यातलं निम्मं त्यांच्या बंजारा समाजाच्या गोर बोलीत होतं. रिक्षावाला मागे सरला.

एसटी स्टँडवर त्या उतरल्या. मी उतरून त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं.

"पाय दुखते, खाली नको वाकू, मलेबी वाकावं लागन," त्या म्हणाल्या. "फोन कर. गाडीनं काई केलं तं कर, नाई केलं तरी कर."

"कराल ना व्यायाम?"

"करतो म्हटलं ना."

फुलसावंगीची बस लागलीच होती. त्या कठड्याला धरून, उजवा पाय आधी टाकून, चढल्या. मी गाडीत बसले. निरोपाच्या गडबडीत, थंड इंजिनाला ओढतात तसा, सवयीनं चोक ओढला, गाडी सुरू केली, आणि स्टँडच्या फाटकात नेमकी पुन्हा बंद पडली. वळवायला जागा नाही. मागे बस येऊन उभी राहिली, तीच बस. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी चावी फिरवतेय, पेट्रोलचा वास सुटलाय, इंजिन नुसतं खोकतंय.

बसच्या खिडकीतून आवाज आला. "चोक आत ढकल! गरम हाय ते!"

मी चोक आत ढकलला. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चावी फिरवली. इंजिन लागलं. गाडी बाजूला घेतली आणि बस माझ्या शेजारून पुढे गेली. मी हात हलवायला काच खाली केली. पण शेवंताबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या जागेवरून अर्धवट उठून, पुढच्या सीटचा दांडा धरून, हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायव्हरला रागावत होत्या. हातवारे दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत त्या बसल्या नाहीत.

मी पहिला टाकला. पहिलाच पडला.